अडकित्त्यात अडकलेली सुपारी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. दळणाचा डबा ठेवला की गिरणीवाले काका आधी झाकण काढून गव्हात हात घालतात. पिवळे गोल दाणे हाताला लागले की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "वहिनी, सोयाबीन भाजलंय ना? कच्चं असेल तर परत न्या." मागे एकदा एका बाईंनी त्यांना अडवलं. "अहो काका, पोळी तव्यावर भाजतोच की आपण. मग सोयाबीन आधी वेगळं कशाला भाजायचं?" काका म्हणाले, "पोट धरून बसाल," आणि त्यांनी पट्टा चालू केला.

बाईंचा प्रश्न मला रास्त वाटला आणि तो डोक्यातून जाईना. गहू कच्चाच दळतो, ज्वारी-बाजरीही कच्चीच. मग सोयाबीनलाच ही अट का? बरं, सोयाबीनमध्ये प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तुरीच्या डाळीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून तर आपण ते पिठात घालतो. गंमत अशी, की ज्या दाण्यात प्रथिनं सर्वांत जास्त, त्याच दाण्यात प्रथिनं पचू न देणारी वस्तू भरलेली आहे. आणि ती वस्तू म्हणजे कुठलं विष नव्हे, तेही प्रथिनच आहे.

१९१७ साली अमेरिकेत ओसबर्न आणि मेंडेल या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांना कच्चं सोयाबीन खाऊ घातलं. उंदीर वाढेनात. तेच सोयाबीन शिजवून दिल्यावर वाढायला लागले. शिजवण्यात नेमकं काय घडतं, हे समजायला पुढची पंचवीस-तीस वर्षं गेली.

माळ आणि अडकित्ता

प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ समजा. मणी वीस प्रकारचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. डाळीतली, दुधातली, अंड्यातली अशी माळ आतड्याच्या भिंतीतून अख्खी आत जाऊ शकत नाही. सुटे मणी किंवा फार तर दोन-तीन मण्यांचे तुकडेच जातात. म्हणजे आधी माळ कापायला हवी. हे काम विकरं करतात. विकर म्हणजे स्वतः न संपता तेच काम पुन्हा पुन्हा करणारं, शरीरानं बनवलेलं हत्यार. विकरं स्वतःही प्रथिनंच असतात.

जठरात थोडी कापाकापी होते. खरं काम होतं लहान आतड्यात. तिथे स्वादुपिंडातून पाचक रस येतो आणि त्यात ट्रिप्सिन नावाचं विकर असतं. मला ते नेहमी आजोबांच्या पानाच्या डब्यातल्या अडकित्त्यासारखं वाटतं. एका बाजूला सुपारी बसेल असा खोलगट भाग, दुसऱ्या बाजूला पातं.

पण हा अडकित्ता वाटेल तिथे कापत नाही. त्याच्या खोलगट भागाच्या तळाशी ऋण विद्युतभार आहे. वीस मण्यांपैकी लायसिन आणि आर्जिनिन या दोघांना लांब शेपटी असते आणि तिच्या टोकाला धन भार असतो. माळ सरकत सरकत आली आणि यातला एखादा मणी समोर आला, की त्याची शेपटी खोबणीत ओढली जाते. मणी पक्का बसतो आणि पातं त्याच्या लगेच पुढचा दुवा तोडतं.

दुवा तोडण्याची क्रिया नीट पाहायला हवी, कारण पुढची सगळी मख्खी तिथेच आहे. दुवा तुटतो तेव्हा माळेचा एक तुकडा काही क्षण पात्यालाच चिकटून राहतो. दुसरा तुकडा सुटतो आणि वाहून जातो. त्याची जागा रिकामी झाली, की तिथे पाण्याचा रेणू शिरतो आणि पात्याला चिकटलेला पहिला तुकडाही सोडवतो. आता अडकित्ता मोकळा, पुढच्या सुपारीला तयार. थोडक्यात, पाण्याला आत यायला जागा मिळाली तरच काम पूर्ण होतं. दुसरा तुकडा जागचा हललाच नाही तर?

न फुटणारी सुपारी

१९४५ साली न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन इथे, रॉकफेलर संस्थेच्या प्रयोगशाळेत मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून एक प्रथिन वेगळं काढून त्याचे शुद्ध स्फटिक बनवले. हे प्रथिन ट्रिप्सिनमध्ये मिसळलं की ट्रिप्सिनचं काम थांबायचं. त्याला आज कुनिट्झ रोधक म्हणतात. रोधक, म्हणजे विकराचं काम अडवणारा. हाच कुनिट्झ यांचा रेणू पुढे अशा शेकडो रोधकांचा अभ्यास करताना नमुना म्हणून वापरला गेला.

हा रोधक १८१ मण्यांचा आहे. माळ लोंबकळत नाही, ती गुंडाळून घट्ट गोळा झालेली असते. त्या गोळ्यातून एक छोटी कमान बाहेर डोकावते. कमानीच्या टोकाला ६३ क्रमांकाचा मणी आहे, आणि तो आहे आर्जिनिन! ट्रिप्सिनला जो मणी हवा असतो, तोच रोधकानं पुढे धरलेला आहे. कमानीचा आकारही असा, की ती ट्रिप्सिनच्या खोबणीत मापात बसते. शिंप्याकडून शिवून घेतलेली चोळी बसावी तशी.

म्हणजे रोधक ट्रिप्सिनपासून लपत नाही, त्याच्याशी लढतही नाही. तो स्वतःला सर्वांत चविष्ट घास म्हणून पुढे करतो. ट्रिप्सिन तो घास पकडतं आणि ६३ व ६४ क्रमांकांच्या मण्यांमधला दुवा तोडायला पातं लावतं. क्वचित दुवा तुटतोही. पण कमानीच्या दोन्ही बाजू खाली गंधकाच्या एका टाक्यानं एकमेकींना शिवलेल्या आहेत. त्यामुळे दुवा तुटला तरी दुसरा तुकडा वाहून जाऊ शकत नाही. तो जागीच उभा असतो, पाण्याला वाट देत नाही, आणि पुन्हा पहिल्या तुकड्याशी जुळतो. पातं लावायचं, तोडायचं, पुन्हा जुळायचं आणि त्यातच अडकून पडायचं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले मायकेल लास्कोव्स्की यांनी हे कोडं उलगडलं. त्यांना दिसलं, की दुवा तुटलेला रोधक आणि अखंड रोधक, दोघेही ट्रिप्सिनला सारखेच अडकवतात.

सुपारी मापाची आहे, अडकित्त्याला हवी तशी आहे, पण फुटून बाजूला होत नाही. अडकित्ता मिटलेलाच राहतो. दुसरी सुपारी आली तरी तिला जागा नाही.

गोधडीचे टाके

वर गंधकाच्या टाक्याचा उल्लेख केला. प्रथिनाच्या माळेत सिस्टीन नावाचा एक मणी असतो, त्यात गंधकाचा अणू असतो. माळ गुंडाळली जाताना असे दोन मणी समोरासमोर आले, की त्यांचे गंधक एकमेकांना घट्ट धरतात. माळेचे दोन लांबचे भाग त्या जागी शिवल्यासारखे होतात. कुनिट्झ रोधकात असे दोन टाके आहेत.

सोयाबीनमध्ये दुसराही एक रोधक आहे आणि तो आकारानं खूपच लहान आहे. १९४६ मध्ये बोमन यांनी त्याचा माग काढला आणि नंतर इस्रायलमधल्या येहुदित बर्क यांनी तो शुद्ध करून त्याचा सखोल अभ्यास केला. म्हणून त्याचं नाव बोमन-बर्क रोधक. जेमतेम ७१ मण्यांची ही माळ, पण तिच्यात टाके सात! आजीनं धुऊन-धुऊन न उसवणारी गोधडी शिवावी, तसा हा रेणू. आणि याला कमानी दोन. एका कमानीच्या टोकाला लायसिन, ती ट्रिप्सिन पकडते. दुसऱ्या कमानीच्या टोकाला ल्युसिन, ती कायमोट्रिप्सिन या दुसऱ्या विकराला पकडते. एकाच वेळी दोन अडकित्ते मिटवणारी ही दुतोंडी सुपारी आहे.

[चौकट : कुणाच्या बियांत काय?
कुनिट्झ आणि बोमन-बर्क, दोन्ही प्रकारचे रोधक सोयाबीनमध्ये भरपूर आहेत. सोयाबीनच्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ६ टक्के हे रोधकच असतात. बोमन-बर्कच्या घराण्यातले रोधक कुळीथ, चवळी, हरभरा यांतही सापडतात. मुगात यांचं प्रमाण सोयाबीनच्या मानानं फार कमी. कारलं आणि भोपळा यांच्या बियांतले रोधक तर केवळ ३० मण्यांच्या आसपास आहेत, तरीही ट्रिप्सिन अडवतात. बटाट्याच्या कंदात वेगळ्याच दोन घराण्यांचे रोधक आहेत. तांदळात सिस्टॅटिन जातीचा रोधक आहे, तो ट्रिप्सिनला नाही, तर काही किडे वापरतात त्या वेगळ्या विकरांना अडवतो.]

मुकादमालाच बांधलं

रोधकांनी ट्रिप्सिनलाच लक्ष्य का केलं असावं? कारण ट्रिप्सिन हा नुसता मजूर नाही, मुकादम आहे. स्वादुपिंडात ही सगळी विकरं टोपण घातलेल्या अवस्थेत बनतात, नाहीतर ती स्वादुपिंडच कापून खातील. आतड्यात आल्यावर तिथल्या भिंतीतलं एक विकर ट्रिप्सिनचं टोपण काढतं. मग ट्रिप्सिन बाकीच्या साऱ्यांची टोपणं काढतं. मुकादम अडकला की पुढची फळीच कामाला लागत नाही. इथे एक सांगण्यासारखी गोष्ट आहे : आपल्या स्वादुपिंडातही एक छोटा ट्रिप्सिन-रोधक असतो. चुकून एखाद्या ट्रिप्सिनचं टोपण आतच निघालं, तर त्याला जागीच जखडायला. झाडांनी वापरलेली युक्ती आपल्या पोटातही आहे.

पण उंदरांच्या प्रयोगांत एक भलतंच कोडं समोर आलं. आधीच कापून सुटे केलेले मणी उंदरांना दिले आणि सोबत रोधक दिला. आता कापायचं काही उरलंच नव्हतं, तरीही उंदीर वाढेनात! म्हणजे नुकसान फक्त अन्न न पचल्याचं नव्हतं.

उत्तर स्वादुपिंडात होतं. आतड्यात एक निरोप्या रेणू सतत तयार होतो. मोकळं ट्रिप्सिन त्याला खाऊन टाकतं, त्यामुळे एरवी निरोप पुढे जात नाही. ट्रिप्सिन रोधकात अडकलं, की निरोप्या वाचतो, कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक वाढतं आणि स्वादुपिंडाला हुकूम जातो : आणखी रस सोड. स्वादुपिंड राबतं, उंदरात आणि कोंबडीच्या पिल्लांत ते चक्क मोठं होतं. ओतलेली विकरं पुन्हा रोधकात अडकतात आणि शौचावाटे बाहेर जातात. या विकरांत गंधकाचे मणी भरपूर असतात. म्हणजे शरीर आपलं मौल्यवान गंधक स्वतःच्याच हातानं ओतून टाकतं. आणि सोयाबीनच्या प्रथिनात नेमका गंधकाच्याच मण्यांचा तुटवडा असतो! तेरावा महिना म्हणतात तो हाच. डुकरांचं स्वादुपिंड असं फुगत नाही, पण कच्च्या सोयाबीनवर त्यांचीही वाढ खुंटते.

टोमॅटोच्या पानाला चावलं तर

मग झाडं हे बनवतात कशाला? बी म्हणजे झाडानं पिल्लासाठी बांधून दिलेली शिदोरी. प्रथिनांनी भरलेली, आणि पळून जाऊ न शकणारी. तिच्यावर किडे, पाखरं, उंदीर सगळ्यांचा डोळा. शिदोरीला कुलूप हवंच.

हे कुलूप झाड गरज पडेल तेव्हाही बनवतं, हे दाखवलं क्लॅरेन्स रायन यांनी. वॉशिंग्टन राज्यात पुलमन या गावच्या विद्यापीठात त्यांनी बटाट्याच्या आणि टोमॅटोच्या रोपांवर भुंगेरे सोडले. १९७२ मध्ये त्यांनी आणि ग्रीन यांनी लिहिलं, की पान कुरतडल्यावर रोधकांचं प्रमाण वाढतं, आणि ते कुरतडलेल्याच पानात नव्हे, तर दूरच्या, हात न लागलेल्या पानांतही. म्हणजे झाडात निरोप फिरतो. तो निरोप घेऊन जाण्यात वाटा असणारा १८ मण्यांचा तुकडा, सिस्टेमिन, त्यांच्याच गटानं १९९१ मध्ये शोधला. त्याच्या आदल्या वर्षी आणखी एक नवल दिसलं होतं. चमेलीच्या तेलात असतं ते मिथाइल जास्मोनेट हे सुगंधी द्रव्य एका रानझुडपातून हवेत पसरतं. बंद पेटीत त्या झुडपाशेजारी ठेवलेल्या टोमॅटोच्या पानांनी, त्यांना कुणीही चावलेलं नसताना, रोधक बनवायला सुरुवात केली. मला या संशोधनाचं आजही अप्रूप वाटतं. टोमॅटोचं रोप बांधावर गप्प उभं असतं आणि आपण समजतो त्याला काही कळत नाही.

घाटेअळीचं उत्तर

पण कुलूप आहे म्हटल्यावर किल्ली बनवणाराही येणार. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याच्या शेतात जा. घाट्याला गोल भोक दिसेल आणि कधी कधी त्यात डोकं खुपसून, अर्धं अंग बाहेर ठेवून खाणारी हिरवी अळी दिसेल. तीच घाटेअळी, कापसावर आली की हिरवी बोंडअळी. तुरीच्या शेंगाही ती पोखरते. हरभऱ्यात ट्रिप्सिन-रोधक आहेत, आणि या अळीच्या आतड्यातही ट्रिप्सिनच्या जातीचीच विकरं काम करतात. तरी ती हरभरा मजेत खाते. कशी?

याचं उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिळालं. अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की घाटेअळीच्या आतड्यातली काही विकरं हरभऱ्याच्या रोधकांना अडकून तर पडत नाहीतच, उलट त्या रोधकांचेच तुकडे करतात. न फुटणारी सुपारीही फोडणारा अडकित्ता अळीनं घडवलाय. हरभऱ्याशी पिढ्यान् पिढ्या गाठ पडल्यावर जे होणार तेच झालं. मग या गटानं उलटा विचार केला. अळी जी झाडं खात नाही, त्यांचे रोधक तिच्या ओळखीचे नसणार. त्यांनी भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा यांचे रोधक अळ्यांना खाऊ घातले, आणि अळ्यांची वाढ खुंटली. पुढे कारल्याच्या बियांतल्या रोधकांनीही हेच केलं. पण एकाच रोधकावर भिस्त ठेवली तर अळी त्यालाही वळसा घालते, हेही त्यांनीच सांगितलं. रोधक बदलत राहायला हवेत.

इंग्लंडमध्ये १९८७ साली चवळीच्या रोधकाचं जनुक तंबाखूच्या झाडात घातलं गेलं आणि अळ्यांना ती पानं पचेनात. तेव्हा वाटलं होतं, कीटकनाशकांची सुट्टी झाली. तसं घडलं नाही, आणि त्याचं मोठं कारण अळ्यांची ही बदलण्याची ताकद आहे. आपल्या डब्यातल्या चवळीला लागणारा भुंगा तर ट्रिप्सिनवर फारसा विसंबतच नाही. त्याच्या आतड्यात दुसऱ्याच जातीची विकरं आहेत. म्हणून ट्रिप्सिनचं कुलूप असूनही डबा पोकळ दाण्यांनी आणि भुग्यानं भरतो.

माणसाच्या स्वादुपिंडातही मेसोट्रिप्सिन नावाचं, रोधकांना न जुमानणारं विकर थोडं असतं. पण आपल्याकडे याहून मोठी किल्ली आहे, ती म्हणजे चूल.

तव्यावरची पोळी आणि उकळतं पाणी

रोधकाची सगळी ताकद त्याच्या आकारात आहे. कमान ताठ आणि मापात बसणारी असेपर्यंतच तो अडकित्ता मिटवतो. उष्णतेनं माळेचे पीळ सुटतात, कमान मोडते आणि मग तो रोधक इतर प्रथिनांसारखाच मुकाट कापला जातो. कुनिट्झ रोधक दोनच टाक्यांचा, तो लवकर उसवतो. सात टाक्यांचा बोमन-बर्क जास्त चिवट, त्याला जास्त वेळ लागतो. यात पाण्याचं महत्त्व मोठं आहे. ओल्या दाण्यात उष्णता आतपर्यंत पोहोचते आणि माळ उलगडायला पाणी मदत करतं. म्हणून उकळणं हे कोरडं भाजण्यापेक्षा भरवशाचं.

आता गिरणीतल्या बाईंचं उत्तर. पोळी तव्यावर दीड-दोन मिनिटं असते, आणि तिच्यातलं पाणी वाफ होऊन उडत असतं. एवढ्यात सात टाके उसवत नाहीत. काका बरोबरच सांगत होते, फक्त भाजण्याऐवजी उकळा म्हणाले असते तर आणखी बरं झालं असतं. सोयाबीनचे दाणे उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटं उकळू द्यावेत, निथळून उन्हात खडखडीत वाळवावेत आणि मग गव्हात मिसळावेत. त्यानं सोयाबीनचा उग्र वासही जातो. कडधान्याला मोड आणले की रोधक हळूहळू कमी होतात, कारण अंकुर शिदोरी सोडायला लागतो. पण सोयाबीनच्या बाबतीत मोड म्हणजे शिजवण्याला पर्याय नव्हे. बाजारातल्या सोयाबीनच्या वड्या तयार होतानाच वाफ आणि दाबाखालून गेलेल्या असतात, त्यांची काळजी नको.

कोंबड्यांच्या खाद्यात जाणारी सोयाबीनची पेंड कारखान्यात वाफेनं गरम करतात, आणि ती पुरेशी गरम झाली का हे युरिएज या दुसऱ्याच विकरावरून पाहतात. युरिएज आणि रोधक साधारण सारख्याच उष्णतेत निकामी होतात, आणि युरिएजची चाचणी सोपी असते. फार जास्त गरम केलं तरी नुकसान, कारण मग लायसिन साखरेशी जुळून बसतं आणि पचत नाही. घरी आपल्याकडे चाचणी नाही, पण घड्याळ आहे. उकळी फुटल्यावर वेळ लावा, आणि वीस मिनिटांच्या आत गॅस बंद करू नका.